पहिल्या हादऱ्याआधीचे कागद

१९६६ साली रुरकीला भूकंप-अभियांत्रिकीवरचा तिसरा परिसंवाद झाला. त्याच्या छापील निबंधांत खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातले एस. के. गुहा आणि त्यांचे तीन सहकारी यांचा एक निबंध आहे. विषय आहे कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाच्या परिसरातल्या भूकवचाच्या हालचाली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला मोठ्या धरणांवरची नववी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या कागदांत पी. एम. माने यांचा निबंध सापडतो आणि विषय जवळपास तोच, कोयना प्रकल्पक्षेत्रातले जमिनीचे हादरे. हे दोन्ही निबंध लिहिले गेले तेव्हा कोयनानगरातली घरे शाबूत होती.

कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाची हकीकत सहसा अशी सांगितली जाते की दख्खनचे पठार अचल मानले जात होते आणि एका पहाटे ते ध्यानीमनी नसताना हलले. वरचे दोन कागद समोर ठेवले की ही हकीकत तशीच्या तशी टिकत नाही. हादरे येत होते, यंत्रांवर उमटत होते, अभियंते त्यांवर देशात आणि देशाबाहेर लिहीत होते. नव्हते ते एकच. पाणी अडवण्याआधी त्या खोऱ्याची जमीन कशी वागत होती, याचा यंत्राने लिहिलेला कागद कुणाकडेच नव्हता. हा भूकंप धरणाच्या पाण्याने झाला का, या पुढे कित्येक वर्षे चाललेल्या वादाचे मूळ या एका उणिवेत आहे, असे मला हे सगळे साहित्य वाचून ठामपणे वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने हे का वाचावे? वर्धा खोऱ्यातल्या कोळशापासून सिरोंच्याजवळच्या प्राणहिता-गोदावरी संगमापर्यंत आणि तिथून खाली भद्राचलमकडे गोंडवन काळातल्या खडकांचा एक लांब खचलेला पट्टा गेला आहे. त्याच्या कडांना भ्रंश आहेत, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागा. कोळशातला मिथेन आणि शेलमधला वायू यांचा शोध भारतात ज्या खडकांत होतो त्यांतले बरेचसे याच जातीचे. शेलमधला वायू काढायचा तर खडक पाण्याच्या दाबाने फोडावा लागतो, म्हणजे जलभंजन करावे लागते. अशा कामाने भूकंप होतो का, झाला तर केवढा, आणि तो आवरता येतो का, हे तपासायला महाराष्ट्राजवळ स्वतःचे असे एकच मोठे दप्तर आहे आणि ते कोयनेचे आहे.

पाटण तालुक्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. १९६१-६२ मध्ये पाणी साठू लागले आणि थोड्याच दिवसांत खोऱ्यातल्या माणसांना हादरे जाणवू लागले. त्या काळच्या वर्णनांत हादऱ्याबरोबर सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो, असा तपशील आहे. प्रकल्पाचे काम चालू असलेल्या खोऱ्यात सुरुंगाचा आवाज रोजचाच. तेव्हा सुरुवातीच्या कित्येक हादऱ्यांकडे कुणी लक्षही दिले नसेल, असे अनुमान करायला जागा आहे. अनुमानच म्हणायचे, कारण सिस्मोग्राफ बसायला १९६३ उजाडले. कोयनानगर, गोवळकोट, सातारा आणि महाबळेश्वर अशी ठाणी झाली आणि तिथून पुढे कागद बोलू लागतात. हादऱ्यांची केंद्रे जलाशयाच्या आसपास आणि उथळ निघाली. पावसाळ्यात पातळी चढली की काही काळाने हादऱ्यांची संख्याही चढत होती. १३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ रिश्टरच्या वरचा धक्का बसला.

मग ११ डिसेंबर. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. परदेशी निबंधांत याच भूकंपाची तारीख १० डिसेंबर दिसते, कारण ग्रिनिचच्या वेळेने तेव्हा आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. साताऱ्याच्या आठवणीत एक तारीख आणि शास्त्रीय कागदांत दुसरी. हे ध्यानात न घेता दोन्ही कागद शेजारी ठेवले तर लागोपाठ दोन भूकंप झाले असा गैरसमज सहज होईल. तीव्रतेचेही तेच. आज ६.३ हा आकडा रूढ आहे, जुन्या कागदांत ६.५ आहे आणि काही ठिकाणी ७ पर्यंतही गेला आहे. सुमारे २०० माणसे गेली. कोयनानगरातली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. मुंबईचा वीजपुरवठा तुटला.

त्या पहाटेचा सर्वांत मोलाचा कागद धरणाच्या आतच तयार झाला. धरणाच्या एका खंडात ॲक्सेलरोग्राफ बसवलेला होता आणि तो चालू राहिला. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाच्या ०.६३ पट त्वरण त्याने नोंदवले. धरण बांधताना भूकंपासाठी धरलेला आडवा जोर गुरुत्वाच्या ०.०५ पट होता. हे दोन आकडे सरळ एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण पहिला एका क्षणाचा कमाल धक्का आहे आणि दुसरा संकल्पनेतला गुणांक. तरी दोहोंतले अंतर पाहिले की बांधणाऱ्यांनी या जमिनीकडून किती कमी अपेक्षिले होते ते कळते. धरणाच्या उंच खंडांवर, खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीला भेगा पडल्या. धरण उभे राहिले, पुढे त्याला टेकू देऊन बळकट केले गेले. त्या एका नोंदीवर जगभरच्या अभियंत्यांनी नंतर आपापल्या धरणांची गणिते तपासली.

अपेक्षा कमी का होती, त्याचाही कागद आहे. भारतीय मानक संस्थेच्या १९६२ च्या पहिल्या भूकंपविभाग नकाशात कोयनेचा भाग शून्य विभागात होता, म्हणजे भूकंपाची धास्ती नाही. १९६६ च्या आवृत्तीत तो पहिल्या विभागात गेला. भूकंपानंतर, १९७० च्या नकाशात, चौथ्या. जमीन तीच होती, आठ वर्षांत तिच्याबद्दलचे कागद बदलले.

आता वादाकडे येऊ. धरणाच्या पाण्याने भूकंप झाला, असे म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो हा की आधी तिथे हादरे नव्हते हे कशावरून? प्रश्न रास्त होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८९८ पासून भूकंपमापक होते, पण तिथून कोयनेच्या खोऱ्यातली बारीक थरथर पकडली जाणे शक्य नव्हते. थॉमस ओल्डहॅम यांनी १८६९ अखेरपर्यंतच्या भारतीय भूकंपांची सूची केली होती आणि ती १८८३ मध्ये छापली गेली. तिची भिस्त मुख्यतः लिहिणाऱ्या माणसांच्या पत्रांवर आणि वार्तांवर. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीत भांडी खडखडली तर त्याचे पत्र कोण धाडणार?

इथे मराठी इतिहाससंशोधनाचा एक सुंदर तुकडा येतो. भूकंपाला महिना होतो न होतो तोच, १९६८ च्या जानेवारीत, य. न. केळकर यांनी महाराष्ट्रातल्या गेल्या तीनशे वर्षांतल्या भूकंपांवर ‘केसरी’त लेख लिहिला. पोवाडे आणि ऐतिहासिक कागदपत्रे यांत आयुष्य घालवलेल्या माणसाने दप्तरे उलटून जमिनीच्या हालचालींची टिपणे गोळा केली आणि पुढे भूकंपशास्त्रज्ञांच्या सूचींत त्या वर्तमानपत्री लेखाचा आधार रीतसर दिला गेला. इतिहासकार शास्त्राला एवढा थेट उपयोगी पडल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत. पण अशा साधनांची मर्यादाही ओळखली पाहिजे. बखर किंवा पत्र जाणवलेल्या धक्क्याची साक्ष देते. जाणवला नाही, किंवा जाणवून लिहिला गेला नाही, त्याबद्दल ते मुके असते. त्यामुळे महाराष्ट्रात पूर्वीही भूकंप झाले होते एवढे सिद्ध होते. कोयनेच्या त्या २०-३० किलोमीटरच्या टापूत पाण्याआधी काय चालले होते, हे सिद्ध होत नाही.

वादाला वळण मिळाले ते हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतून. हर्ष गुप्ता, हरी नारायण, बी. के. रस्तोगी आणि इंद्र मोहन यांचा निबंध १९६९ मध्ये अमेरिकन भूकंपशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. ‘आधी काय होते’ या प्रश्नावर अडून न राहता त्यांनी नंतरच्या नोंदी वाचल्या, पाण्याची पातळी आणि हादऱ्यांची संख्या शेजारी मांडून. आधारालाही जगभरची उदाहरणे होती. अमेरिकेत बोल्डर धरणामागच्या मीड सरोवराबद्दल डीन कार्डर यांनी १९४५ मध्येच पाणी आणि हादरे यांचे नाते मांडले होते. चीनमधले शिनफेंगजियांग १९६२ मध्ये, आफ्रिकेतले करिबा १९६३ मध्ये आणि ग्रीसमधले क्रेमास्ता १९६६ मध्ये ६ रिश्टरच्या वर हलले होते. चौघांनाही नवे, उंच धरण आणि त्यापाठोपाठ भूकंप हा क्रम सामाईक.

पाण्याच्या वजनाने जमीन दबून हे होते, असा एक समज असतो. वजनाचा वाटा असतो, पण मुख्य काम दाबाचे. खोल खडकातल्या भ्रंशाच्या दोन बाजू वरच्या भारामुळे एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात, जात्याच्या दोन तळ्यांसारख्या. सरकवणारा जोर आधीपासून असतोच; घर्षण त्याला धरून ठेवते. फटींतून झिरपलेल्या पाण्याचा दाब वाढला की वरची तळी किंचित उचलल्यासारखी होते, घर्षण सुटते आणि साठलेला ताण मोकळा होतो. म्हणून जाणकार सांगतात की पाण्याने भूकंपाला चालना दिली. ताण पृथ्वीचा, वेळ पाण्याने ठरवली. हे तत्त्व हबर्ट आणि रुबी यांनी १९५९ मध्येच मांडून ठेवले होते, तेही डोंगरांच्या सरकण्याचा विचार करताना.

या ठिकाणी कोयनेचे कागद आणि खडकात पाणी कोंबण्याचे कागद एकमेकांना मिळतात, आणि मिळतात ते एका माणसाच्या नावावर. नेचर या नियतकालिकात १९६९ मध्ये कोयनेच्या भूकंपात भ्रंश कसा सरकला याचे गणित लागले, लेखक डब्ल्यू. एच. के. ली आणि सी. बी. रॅली. त्याच्या आदल्या वर्षी सायन्समध्ये डेन्व्हरच्या भूकंपांवर जो गाजलेला निबंध आला त्याच्या चार लेखकांतही हेच रॅली आहेत, आणि हबर्टसोबतचे रुबीसुद्धा. डेन्व्हरजवळ अमेरिकी लष्कराच्या कारखान्याने रासायनिक सांडपाणी जिरवायला ३,६७१ मीटर खोल विहीर पाडली होती. मार्च १९६२ मध्ये पाणी सोडले, एप्रिलपासून हादरे सुरू झाले. डेव्हिड इव्हान्स नावाच्या भूशास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९६५ मध्ये दर महिन्याला सोडलेले पाणी आणि दर महिन्याचे हादरे यांचे दोन आलेख लोकांपुढे ठेवले. फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद झाली. आणि सर्वांत मोठा, ५ रिश्टरच्या आसपासचा भूकंप आला ऑगस्ट १९६७ मध्ये, पंप थांबून दीड वर्ष झाल्यावर.

कोयना आणि डेन्व्हर एकाच वर्षातले. एकीकडे नदी अडवली होती, दुसरीकडे पाणी पंपाने खाली लोटले होते. खडकाच्या दृष्टीने फरक थोडा. रॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग कोलोरॅडोतल्या रँग्ली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ पर्यंत मुद्दाम दाब वाढवून आणि उतरवून पाहिला. ठरावीक दाबाच्या वर हादरे येत, दाब खाली आणला की ओसरत. भूकंप हातात आला, असे क्षणभर वाटावे असा तो प्रयोग होता. डेन्व्हरचा ऑगस्ट १९६७ मात्र त्याच कागदांत बसलेला होता.

कोयनेतही आवर घालण्याचा विचार झाला. हर्ष गुप्ता यांनी १९८३ मध्ये मांडले की जलाशयाची पातळी एका आठवड्यात १२ मीटरहून वेगाने चढली तरच ५ रिश्टरच्या वरचे भूकंप झाल्याचे दिसते. ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. म्हणजे वेग वाढला की भूकंप होईलच असे नाही, पण वेग कमी ठेवला तर मोठ्या भूकंपाची वाट अवघड होते. पातळी सावकाश चढू द्यावी, अशी त्यांची सूचना. आज जगात खडक फोडताना जे ‘सिग्नल’चे नियम वापरतात, म्हणजे हादरा ठरलेल्या आकड्यापुढे गेला की पंप थांबवायचा, तेही याच जातीचे. कोयनेत तिची अडचण उघड होती, आषाढातला पाऊस पंपासारखा बंद करता येत नाही. १९८५ पासून शेजारचा वारणा जलाशय भरू लागला, हादऱ्यांचा टापू दक्षिणेला सरकला, आणि १ फेब्रुवारी १९९४ रोजी ५.४ रिश्टरचा धक्का बसला. कराडला भूकंप संशोधनासाठी खोल छिद्रांची प्रयोगशाळा झाली आणि २०१६-१७ मध्ये गोठण्याजवळ ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण संपून खालचा जुना ग्रॅनाइट-नाइस लागला. ज्या खडकात भूकंप होतात त्यात एवढे खोल उतरायला पहिल्या हादऱ्यांनंतर पन्नासहून अधिक वर्षे जावी लागली.

शेलमध्ये पाणी दाबून फोडलेल्या खडकांचा अनुभव ताजा आहे, आणि तो कोयना-डेन्व्हरच्याच वाटेने जातो. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ प्रीस हॉलच्या विहिरीत काम चालू असताना १ एप्रिल २०११ रोजी २.३ आणि मे महिन्यात १.५ रिश्टरचा हादरा आला. काम थांबले, चौकशी झाली, आणि नियम ठरला की ०.५ रिश्टरचा हादरा नोंदला गेला की पंप बंद. हा आकडा माणसाला जाणवण्याच्या कितीतरी खाली आहे. तरी त्याच भागात प्रेस्टन न्यू रोडच्या विहिरीजवळ २६ ऑगस्ट २०१९ रोजी २.९ चा हादरा आला, शेवटचा पंप थांबून काही दिवस झाल्यावर. नोव्हेंबरात इंग्लंडने हे काम थांबवले. दक्षिण कोरियात पोहांगला उष्ण खडकातून वीज काढण्यासाठी पाणी सोडले जात होते. सप्टेंबर २०१७ मध्ये ते थांबले आणि १५ नोव्हेंबरला साधारण ५.५ रिश्टरचा भूकंप झाला. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये त्याचे खापर त्या पाण्यावर फोडले. अमेरिकेत ओक्लाहोमाचे मोठे भूकंप, २०१६ मधला पॉनीचा ५.८ धरून, मुख्यतः तेलविहिरींतून निघालेले खारे पाणी परत खोल जिरवल्यामुळे झाले. म्हणजे वायूची विहीर फोडायला लागलेले पाणी आणि नंतर टाकून द्यायचे पाणी हे दोन धोके वेगळे मोजावे लागतात, आणि दुसरा बहुधा मोठा असतो.

लाल दिवा लागतो तेव्हा खालचा दाब पसरत गेलेला असतो. दिवा बंद केला तरी तो लगेच परतत नाही. डेन्व्हर, प्रेस्टन आणि पोहांग यांचे कागद एकत्र वाचल्यावर नुसत्या सिग्नलच्या भरवशावर राहणे मला धाडसाचे वाटते. खरी निवड पंप लावण्याआधी होते: जागा भ्रंशापासून किती दूर, खाली ताण किती, आणि जमीन आधी कशी होती.

स्कॉट डेव्हिस आणि क्लिफ फ्रोलिक यांनी १९९३ मध्ये यासाठी सात प्रश्न घालून दिले. हादरे विहिरीच्या जवळ आहेत का, पाणी सोडण्याच्या काळाशी जुळतात का, खोली जुळते का, खाली दाब पुरेसा वाढला होता का, असे ते जातात. त्यांतला पहिलाच प्रश्न असा आहे: या प्रकारचे हादरे या भागात पहिल्यांदाच आले का? कोयनेत जो कागद सापडला नाही, तोच हा कागद.

हे प्रश्न आपल्या खोऱ्याला लावून पाहता येतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ रिश्टरचा भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपूर, अगदी नागपूरपर्यंत जाणवला. सिरोंच्याच्या समोर गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा आहे, आसपासच्या जिल्ह्यांत खाणी आहेत. तेव्हा माणसाच्या कामाकडे बोट दाखवणे स्वाभाविक आहे. कागद काय सांगतात? मेडीगड्ड्याचे खांब २१ ऑक्टोबर २०२३ रोजी खचले, त्यानंतर पाणी सोडून देण्यात आले, आणि राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या सांगण्यावरून २०२४ च्या पावसाळ्यात दरवाजे उघडेच राहिले. भूकंपाच्या वेळी तिथे साठाच नव्हता. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने खोली दिली ती ४० किलोमीटर. कोयनेचे हादरे दहाएक किलोमीटरच्या आतले. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तरही इथे मिळते, १३ एप्रिल १९६९ रोजी याच पट्ट्यात भद्राचलमजवळ ५.७ रिश्टरचा भूकंप झाला होता. मुलुगूचा भूकंप पृथ्वीचा स्वतःचा होता, असे या तिन्ही कागदांवरून म्हणता येते. त्यातून उलटा निष्कर्षही निघतो आणि तो जास्त महत्त्वाचा आहे: या पट्ट्यात ताण साठलेला आहे. ज्या जमिनीत ताण आहे तिथेच पाणी चालना देते.

शेलच्या वायूची विहीर चंद्रपूर-गडचिरोलीत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ च्या जागतिक आढाव्यात भारतातल्या खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या चारच खोऱ्यांचा अंदाज बांधला. प्राणहिता-गोदावरी बाजूला राहिले, माहिती अपुरी किंवा शेल कच्चे असलेल्या खोऱ्यांत. पण दामोदरचे खडकही गोंडवनच आहेत, आणि तिथे दुर्गापूरजवळ इच्छापूरला ओएनजीसीने जानेवारी २०११ मध्ये शेलमधून वायू काढून दाखवला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी धोरण आले, २०१८ मध्ये ते इतरांना खुले झाले. आणि १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधविहिरी पर्यावरण मंजुरीच्या अशा गटात टाकल्या की त्यांना जनसुनावणी लागत नाही. जमीन आधी कशी होती, हे विचारण्याची जागा नेमकी शोधविहिरीच्या वेळची. तीच सुनावणीबाहेर गेली, याची मला मनापासून काळजी वाटते.

शब्दांचा गोंधळ मात्र टाळायला हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आटलेल्या हातपंपाच्या बोअरमध्ये पाणी दाबून फटी मोकळ्या करते, त्यालाही जलभंजन म्हणतात. बोअरमध्ये रबरी पॅकर उतरवतात, तो फुगवून वरचे तोंड बंद करतात आणि खालच्या भागात पंपाने पाणी कोंबतात. पाणी टँकरभर, खोली गावच्या बोअरएवढी. शेलच्या एका विहिरीत हजारो घनमीटर पाणी एक-दोन किलोमीटरहून खोल जाते. हातपंपाच्या कामाला भूकंपाशी जोडून गावाने पाणी गमावू नये.

तसेच खाणीचे. उघड्या खाणींत सुरुंग ठरलेल्या वेळी उडतात आणि भिंतींना तडे गेले की वाद होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्गुसला २६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डातले एक घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भुयारी खाणीची पोकळी होती. सुरुंग, पोकळी आणि भ्रंश या तीन कारणांनी जमीन हलते आणि सिस्मोग्राफवर तिघांची सही वेगवेगळी उमटते. कोयनेत जो आवाज सुरुंगासारखा वाटला तो सुरुंग नव्हता, हे यंत्र बसल्यावर कळले. चंद्रपुरात ते यंत्र कामाच्या आधी बसले पाहिजे, आणि निदान दोन पावसाळे चालले पाहिजे, कारण पावसाच्या पाण्यानेही बारीक हादरे कमीजास्त होऊ शकतात.

नकाशांची उणीव नाही. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा ग्रंथ १८७७ चा, विल्यम किंग यांचा प्राणहिता-गोदावरीवरचा १८८१ चा. त्यानंतर दीड शतक कोळशासाठी पाडलेल्या बोअरच्या नोंदी सरकारी कंपन्यांच्या कपाटांत आहेत. भ्रंश कुठून जातो हे त्यांत लिहिलेले आहे. कोळशाचा थर कुठे तुटतो हे खाणवाल्याला पैशासाठी जाणून घ्यावेच लागते. त्या नोंदी एकत्र आणून लोकांना वाचता येतील अशा ठेवणे, हे धोका मोजण्याचे पहिले आणि स्वस्त काम आहे.

कागदाच्या जोरावर हक्क मिळवण्याचा अनुभव गडचिरोली जिल्ह्याला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि अशा दाव्यांत निस्तार हक्कांच्या जुन्या नोंदी इथल्या गावांनी पुरावा म्हणून काढल्या. तीच रीत इथेही चालेल. गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतींचे तारीख घातलेले फोटो, विहिरींच्या पाण्याची दर महिन्याची पातळी, जाणवलेल्या धक्क्याची तारीख, वेळ आणि सुरुंगाच्या वेळापत्रकाशी घातलेला मेळ. कंपनी आली तर तिच्याकडून रोजचा दाब आणि रोजचे पाणी यांचे आकडे, आणि काम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे राहील हे लिहून घेतलेले. यातला कंपनीचा भाग मागून घ्यावा लागेल. भिंती, विहिरी आणि धक्के यांची वही ग्रामसभेला आजच उघडता येते, त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही.